चाकांवरचं क्वार्टर

जबलपूर
७ जानेवारी २०२४

बेबीताई,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घातला आहे, कारण कंबर खाली जायला तयार नाही. फोन करणार होतो. पण मागच्या वेळी तुला ऐकू जावं म्हणून मी एवढा ओरडलो की शेजारचे सोनकरजी "सब ठीक है ना भैया?" म्हणत धावत आले. त्यापेक्षा पत्रच बरं.

तर ऐक. डिसेंबरअखेर फॅक्टरीतून निवृत्त झालो. हार, शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. साहेबांनी भाषणभर मला चंद्रप्रकाश म्हटलं, मीही दुरुस्त केलं नाही. घरी आलो तर हार कुठे ठेवावा कळेना, शेवटी स्कूटरच्या आरशाला अडकवला.

क्वार्टर एप्रिलअखेर सोडायचं आहे. बाबांचं क्वार्टर त्यांच्यामागे माझ्या नावावर झालं, म्हणून आपण विसरूनच गेलो की ते सरकारचं आहे. तू म्हणशील, अमरावतीला ये. येणार नाही. तुझं भरलेलं घर, आल्हाद आणि सूनबाई बंगलोरहून येऊन-जाऊन असणार, त्यात हा लग्न न झालेला मामा कोपऱ्यात खोकत बसलेला कोणाला हवा?

मी वेगळंच ठरवलं आहे. हसू नकोस. मोटरहोम घेणार. म्हणजे मोठी व्हॅन असते, तिच्यात झोपायला बर्थ, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, सगळं असतं. चाकांवरचं क्वार्टर समज. नवीन घ्यायची आपली ऐपत नाही, म्हणून जुनी. फंडातला थोडा भाग त्यात घालायचा आणि बाकीचा दवाखान्यासाठी राखायचा. एकसष्टाव्या वर्षापर्यंत मी काय पाहिलं? जबलपूर, नागपूर आणि तुझं अमरावती. मला एकदा हिमालय पाहायचा आहे, तोही लॉजच्या खिडकीतून नाही, स्वतःच्या दारातून.

काल मदन महलला एक पाहून आलो. तरुण नवरा-बायकोने हौसेने सजवलेली, आतून लाकडी, दिव्यांच्या माळा वगैरे. किंमत ऐकून चहा नको म्हटलं. झोपायची जागा वर छताजवळ, शिडी चढून जायचं. मी विचारलं, खाली दुसरा बर्थ नाही का? ती मुलगी म्हणाली, "पर अंकल, आप तो अकेले हैं ना?" मी म्हटलं, हाँ हाँ, अकेलाच. मग उगाच वाकून टायर पाहिले आणि निघालो.

आपल्या लाइनीत आता मराठी घर उरलं नाही, ताई. रामरावकाका गेले. त्यांच्या यशोधनला मराठी समजतं, पण तो उत्तर हिंदीत देतो. परवा फोडणी करताना मी मोठ्याने म्हणालो, "हिंग कुठे ठेवला बुवा?" आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकलो. सकाळपासूनचं माझं ते पहिलं वाक्य होतं. संध्याकाळ झाली होती.

उत्तर लिही.

चंदू


अमरावती
१९ जानेवारी २०२४

चंदू,

आशीर्वाद, आणि सोबत पाठीत एक धपाटा.

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ओटा लिहिलास, टाकी लिहिलीस, संडासाचं काय ते लिहिलं नाहीस. रात्री दोनदा उठावं लागतं तुला, मला ठाऊक नाही का? हिमालयात काय दरीत उभा राहणार आहेस? आणि गाडीत राहणाऱ्या माणसाला पत्र कुठे घालायचं?

हे बँकेत होते, दर दोन-तीन वर्षांनी बदली. किती गावांत बिऱ्हाड मांडलं आणि मोडलं, मलाच आता सांगता येत नाही. पण गाव कुठलंही असो, मे महिन्यात जबलपूर ठरलेलं. आई गेली, बाबा गेले, तरी तू होतास आणि क्वार्टर होतं. चार दिवस येऊन मी नुसती लोळायची, तू पोहे करायचास, तेही कच्चे. तुझं घर जाऊन राहिलं एवढंच तुला दिसतं. माझं माहेर जाऊन राहिलं, ते काहून दिसत नाही रे तुला?

मुकाट्याने इथे ये. वरची खोली रिकामी आहे. माझी काळजी करू नकोस, मी मजेत. आल्हाद रोज फोन करतो. सूनबाई राजश्री फार लाघवी आहे. कामाच्या गर्दीत येणं होत नाही, एवढंच.

बेबीताई


जबलपूर
११ फेब्रुवारी २०२४

बेबीताई,

संडासाची सोय होते. डबा असतो, झाकणाचा. याउपर लिहायला लावू नकोस.

गाडी मिळाली! ओमतीच्या मागे एका दलालाकडे उभी आहे. पांढरी, लांब, एका धर्मादाय संस्थेची. संस्थेने नवीन घेतली म्हणून ही काढली. दलाल म्हणतो, "साहब, शहर के बाहर गई ही नहीं. और हमेशा धीमे चली है, ड्राइवर ने कभी भगाई ही नहीं." इंजिन ऐकलं, शांत आहे. खालचा पत्रा पाहिला, गंज नाही. टपावर दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं, थेंब गळला नाही. व्हिडिओ पाहून पाहून आता एवढं कळायला लागलं आहे.

आतली रचना तर माझ्यासाठीच केल्यासारखी. मधोमध स्टीलचा लांब पाट, पुरा माणूस झोपेल असा. मी झोपून पाहिलं, पाय पसरून डोक्याशी वर हातभर जागा उरली. पाटाला दोन्ही कडांना धरायला दांडे, म्हणजे झोपेत पडायची भीती नाही. दोन्ही बाजूंना भिंतीलगत बाकं. मोठ्या काचा, पडद्यांच्या दांड्या. पाट धुतला तर पाणी बाहेर जायला खाली नळीसुद्धा आहे. मागचं दार असं रुंद उघडतं की पलंग सरळ आत जावा. गादी टाकली की झालं. किंमतही आपल्या आवाक्यातली, मला तर वाटतं त्या दलालाला गाडीची पारख नाही.

तुझ्याकडे येण्याचं म्हणशील तर पाहुणा म्हणून येईन, राहायला नाही. तुझी माणसं तुझ्याजवळ आहेत, ते असू दे. येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी बयाणा देतो. तुझा होकार आला तर बरं वाटेल.

चंदू


अमरावती
१६ फेब्रुवारी २०२४

चंदू,

बयाणा देऊ नकोस. दिला असशील तर परत आण. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे.

अरे वेड्या, ती शववाहिनी आहे.

तुला कळणार नाही हे मला समजतं. आपल्या कॉलनीत सगळे खांद्यावरच गेले, आई, बाबा, सगळे. तू कायम पुढे चालायचास, अशी गाडी आतून पाहायची वेळ तुझ्यावर कधी आली नाही. माझ्यावर आली, हे गेले तेव्हा. मधला पाट, कडेचे दांडे, खालची नळी, सगळं तू लिहिलंस तसंच. मी डाव्या बाकावर बसले होते. गाडी हळू जाते आणि तरी वळणावर पाट हलतो, म्हणून दांडा धरून ठेवावा लागतो. मी धरला होता.

आल्हादने सगळं केलं, असं तेव्हा तुला कळवलं होतं. तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, सदरच्या दवाखान्यात टाके ओले, तुला काय लिहिणार? आल्हाद तिसऱ्या दिवशी आला. त्याला सुट्टी मिळत नव्हती. समोरच्या बाकावर बँकेतले दोघे होते, चांगले होते बिचारे, मला त्यांची नावंही माहीत नव्हती. गुरुजींनी विचारलं, पुरुष माणूस कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. मग अग्नी मीच दिला.

हे लिहायचं नव्हतं. पण तू त्या पाटावर गादी टाकून निजणार, हे वाचून मला बसवेना.

दुसरी गाडी बघ. बाकी मी मजेत.

ताई


जबलपूर
२४ फेब्रुवारी २०२४

ताई,

पत्र वेळेत मिळालं. दलालाकडे गेलो आणि विचारलं. तो म्हणाला, "साहब, आपने पूछा ही कब? आप तो लेट भी गए थे, हमने सोचा जानते होंगे." शेजारचे पानवाले, मेकॅनिक सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

पण मला त्या गाडीचं काही वाटून नाही राहिलं. तू एकटी बाकावर बसली होतीस, हे डोक्यातून जात नाही. मी इथे पलंगावर मोसंबी सोलून खात होतो ग! आणि नंतर वर्षवर्ष तुझ्या पत्रात आल्हादचं कौतुक वाचून म्हणत होतो, चला, एकीचं तरी नीट चाललं आहे. आल्हादला मी कडेवर घेऊन नर्मदेवर नेलेलं आहे. समोर आला तर त्याच्याशी काय बोलेन, सांगता येत नाही.

आता खरं सांग. तो रोज फोन करतो का? वरची खोली रिकामी आहे म्हणालीस, खालची तरी भरलेली आहे का?

मी काय म्हणतो, तू माझ्यासोबत चल. मदन महलच्या त्या पोरीला मी दुसरा बर्थ विचारला होता, तो तुझ्यासाठीच विचारला होता. तेव्हा लिहायला लाज वाटली. तू तुझं घर सोडून एका डब्यात का येशील? पण आता विचारतो. चल. भांडायला दोघं असू, आणि मराठीत भांडू.

चंदू


नागपूर
२२ एप्रिल २०२४

चंदू,

फेब्रुवारीअखेरपासूनची तुझी तिन्ही पत्रं मिळाली, शेवटची दोन अमरावतीहून फिरून इथे आली. उत्तर दिलं नाही, कारण पत्ता काय घालावा तेच ठरत नव्हतं. आता ठरला. वरती लिहिला आहे. हे ज्येष्ठांचं निवासस्थान आहे, वृद्धाश्रम म्हटलेलं इथे आवडत नाही.

अमरावतीचं घर विकलं. आल्हादला बंगलोरला मोठं घर घ्यायचं होतं. त्यात आई तुझीही खोली असेल, असं म्हणाला. नकाशा दाखवला. मी चष्मा लावून शोधली, त्या खोलीवर इंग्रजीत ऑफिस लिहिलं होतं. तरी मी सही केली. पोरगा वाईट नाही रे, त्याला फक्त वेळ नाही. आणि हो, तू विचारलंस म्हणून सांगते, फोन महिन्यातून एकदा येतो. तोही मला नीट ऐकू येत नाही, मी नुसतं हो हो म्हणते.

इथे वाईट काही नाही. एक पलंग, एक कपाट, खाली डॉक्टर बसतात. संध्याकाळी सगळ्या टीव्हीपुढे बसतात, मला आवाज येत नाही म्हणून मी चित्रं पाहते.

तुझ्यासोबत राहायला मी येत नाही. राग मानू नकोस. जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या मागे बिऱ्हाड हलवलं, आता आणखी नाही हलवत. गुडघेही म्हणतात, पुरे. तू जा. हिमालय बघ आणि मला लिही.

एक गोष्ट मात्र झाली. मे जवळ आला म्हणून इथल्या बायका चार-चार दिवस कुठे ना कुठे जायला निघाल्या आहेत. कुणी भावाकडे, कुणी भाचीकडे. शेजारच्या लतिकाबाईंनी विचारलं, तुमचं काय? मी म्हणाले, जाणार की, जबलपूरला, माहेरी. तोंडातून निघून गेलं. त्या रोज विचारतात, कधी निघणार? तुझं क्वार्टर तर याच महिन्यात जाणार. मी सांगून ठेवलं आहे की तिकडे रंगकाम चालू आहे.

बेबीताई


जबलपूर
९ मे २०२४

बेबीताई,

क्वार्टरची किल्ली दिली. बाबूने ती ड्रॉवरमध्ये इतर किल्ल्यांवर टाकली आणि ड्रॉवर लावला. बाहेर येऊन मी कुठल्या बाजूला वळायचं, तेच सुचेना.

आता गाडीचं. शेवटी दोन उरल्या होत्या, नीट ऐक. पहिली उंच, दणकट, आधीच्या मालकाने लडाखपर्यंत नेलेली. इंजिन असं की चावी फिरवली आणि माझ्याच अंगात जोर आला. दोन बर्थ, गंज नाही, कागदपत्र साफ. चार वेळा जाऊन चालवून आलो. तिच्यात बसलं की डोंगर दिसायचे मला. पण आत चढायला पायरी गुडघ्याच्या वर. मीच दार धरून हिसका देऊन चढत होतो.

दुसरी एका ट्रस्टची, खेडोपाडी डोळे तपासायला जायची. म्हातारी माणसंच चढायची तिच्यात, म्हणून पायरी जमिनीपासून वीतभर, दोन्ही बाजूंना कठडा, आत उभं राहायला उंची, खालच्या अंगाला रुंद बाक. हात धुवायचं बेसिनही आहे. इंजिन मात्र थकलेलं. मेकॅनिक म्हणाला, "बाबूजी, सीधी सड़क पे ले जाओ, बैठ के आराम करो, पहाड़-वहाड़ भूल जाओ."

मी दुसरी घेतली. यावेळी आधी विचारून घेतलं की ही कशाची गाडी होती. दोन माणसांना विचारलं.

आतला बाक सुताराकडून बर्थ करून घेतला. दुसरा वर माझ्यासाठी. कागदावर तिचं फिरतं घर म्हणून नाव चढायला आरटीओत खेटे घातले, झालं काम. सध्या सोनकरजींच्या रिकाम्या प्लॉटवर मुक्काम आहे. पहिल्या सकाळी उठून सवयीने उजवीकडे वळलो, थेट कपाटावर डोकं. त्यांची सून चहा आणून देते आणि विचारते, "भैयाजी, डर नहीं लगता अकेले?" मी म्हणतो, नहीं. संध्याकाळी दार लावलं की कुठलाच ओळखीचा आवाज नसतो, नळाचासुद्धा नाही. तेव्हा लागतो थोडा डर.

तू राहायला येत नाहीस, हे समजलं. पुन्हा म्हणणार नाही. लतिकाबाईंना सांग, रंगकाम संपलं.

चंदू


नागपूर, तुमच्या निवासाच्या फाटकाबाहेर
२४ मे २०२४, दुपार

ताई,

चौकीदार आत सोडत नाही. भेटीची वेळ पाचनंतर, आणि तुझा फोन वाजून वाजून बंद पडला. म्हणून ही चिठ्ठी त्याच्या हाती देतो आहे.

कुरईचा घाट दुसऱ्या गिअरवर चढलो, मागे ट्रकवाले काय काय ओरडत होते. पण आलो. समोर कडुलिंबाखाली गाडी लावली आहे. टपावर ताडपत्री टाकली, आत छोटा कूलर आहे, चहावाल्याने वायर दिली. उकाडा आहेच, नागपूर आहे. चार दिवस इथेच राहू, नाहीतर रामटेकपर्यंत जाऊ, रस्ता सपाट आहे. तुझं बिऱ्हाड हलवायचं नाही, फक्त चार लुगडी आण. मग परत सोडीन आणि पुढे जाईन. कुठे ते ठरलेलं नाही. पुढच्या मे महिन्यात पुन्हा येईन, हे ठरलेलं आहे.

पोहे भिजवले आहेत. कच्चे राहिले तर बोलायचं नाही.

चंदू


त्याच चिठ्ठीच्या मागे

चंदू,

थांब, जाऊ नकोस कुठे. पिशवी भरते आहे, थोडा वेळ लागेल. लतिकाबाई घड्या घालून देत आहेत आणि मी रडते म्हणून मला रागावत आहेत.

चार दिवसांनी मला परत आणून सोड. तेव्हा तू मागे वळून पाहू नकोस आणि मीही पाहणार नाही, नाहीतर दोघांनाही जमणार नाही.

बाहेर जायचं तर ऑफिसात सांगावं लागतं. तिथल्या बाईंनी विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, माहेरी. त्या म्हणाल्या, कुठे आलं तुमचं माहेर, किती लांब? मी त्यांना खिडकीशी नेलं आणि दाखवलं.

बेबी